लूसी विल्स

लूसी विल्स (१० मे १८८८ – १६ एप्रिल १९६४) या इंग्लिश रक्तविज्ञानतज्ज्ञ व वैद्यकीय संशोधक होत्या. मुंबईतील गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचे मूळ आहारातील उणिवेत आहे, हे त्यांनी १९२८ ते १९३३ या काळात दाखवून दिले. ही उणीव भरून काढणारा घटक यीस्टच्या अर्कात असतो, असेही त्यांनी सिद्ध केले. हा घटक अनेक वर्षे ‘विल्स घटक’ या नावाने ओळखला जात असे. आज त्यास फोलेट अथवा फॉलिक आम्ल म्हणतात. गरोदरपणात मातेच्या शरीरात असलेल्या पोषणद्रव्यांचा अपत्याच्या पुढील आरोग्यावर परिणाम होतो, या विचाराला पुढे जो शास्त्रीय आधार मिळाला, त्यात विल्स यांच्या मुंबईतील कार्याचा मोठा वाटा आहे.

जन्म व शिक्षण

विल्स यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. वडिलांचे घराणे कोयते, विळे यांसारखी धारदार अवजारे बनविणाऱ्या कारखानदारांचे होते. वडील स्वतः विज्ञानाचे पदवीधर होते आणि आई बर्मिंगहॅममधील एका नामांकित डॉक्टरांची कन्या होती. घरात विज्ञानाचे वातावरण होते. लूसी यांचे बंधू लेनर्ड जॉन्स्टन विल्स पुढे भूविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून प्रसिद्धीस आले. लूसी यांनाही प्रथम खडकांची व वनस्पतींचीच ओढ होती.

त्यांचे शालेय शिक्षण चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये झाले. मुलींना गणित व विज्ञान गांभीर्याने शिकविणाऱ्या ब्रिटनमधील आरंभीच्या शाळांपैकी ती एक होती. १९०७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात प्रवेश घेतला. वनस्पतिशास्त्र व भूविज्ञान या विषयांचा अभ्यास करून त्या १९११ मध्ये अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्या. मात्र त्यांना पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पण पदवी देत नसे. हा भेद १९४८ पर्यंत टिकून होता.

१९११ मध्ये वडिलांचे आणि १९१३ मध्ये बहीण ईडिथ हिचे निधन झाले. त्यानंतर विल्स काही काळ प्रवासात होत्या. १९१४ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. मायदेशी परतण्याची सोय होईपर्यंत त्यांनी केपटाऊनच्या एका रुग्णालयात परिचारिकेचे काम केले. परतल्यावर, जानेवारी १९१५ मध्ये, त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव नोंदविले. हे महाविद्यालय रॉयल फ्री रुग्णालयाशी संलग्न होते.

या महाविद्यालयाचा महाराष्ट्राशी जुना संबंध होता. डॉ. रखमाबाई यांनी १८९४ मध्ये येथेच आपले वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले होते. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या पुढे प्रमुख झालेल्या, बेने इस्राएल समाजातील डॉ. जेरुशा झिराड यादेखील याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. विल्स १९२० मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या. त्यांनी रुग्णसेवेचा व्यवसाय पत्करला नाही. रॉयल फ्रीमध्येच गरोदर स्त्रियांच्या शरीरातील रासायनिक बदलांवर संशोधन व अध्यापन करण्यास त्यांनी सुरुवात केली. हा विषय त्या काळी फारसा प्रतिष्ठेचा नव्हता. गरोदरपण ही निसर्गक्रमाने पार पडणारी गोष्ट आहे आणि त्यात मोजण्यासारखे फार काही नाही, असाच सर्वसाधारण समज होता.

मुंबईतील कार्य

१९२० च्या दशकात भारतात बाळंतपणातील मृत्यूंचे प्रमाण फार मोठे होते. त्याची कारणे शोधण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेने (आजची भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) एक चौकशी हाती घेतली. भारतात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी या चौकशीत भाग घेण्यासाठी विल्स यांना निमंत्रण दिले. १९२८ मध्ये विल्स मुंबईस आल्या व हाफकिन संस्थेत काम करू लागल्या.

हाफकिन संस्था परळ येथील जुन्या राजभवनात आहे, म्हणजे गिरणगावाच्या मध्यभागी. ज्या स्त्रियांचा अभ्यास करावयाचा, त्यांपैकी अनेकजणी प्रयोगशाळेच्या आसपासच्याच चाळींत राहत आणि कापड गिरण्यांत काम करीत. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाचा प्रश्न त्याच सुमारास सार्वजनिक चर्चेत आला होता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. बाल्फोर यांनीही डॉ. तळपदे यांच्यासह गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करून ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली.

विल्स यांच्यासमोर आलेला रोग असा होता : गरोदरपणाच्या उत्तरार्धात स्त्री फिकी पडू लागे, तिला धाप लागे, सूज येई आणि रक्त झपाट्याने कमी होई. अनेकजणी बाळंतपणात किंवा त्यानंतर लवकरच दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले असता तांबड्या पेशी संख्येने फार कमी, परंतु नेहमीपेक्षा आकाराने मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान व फिकट होतात. म्हणजे हा विकार निराळा होता. मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय युरोप-अमेरिकेत परिचयाचा होता. त्यास पर्निशस ॲनिमिया, म्हणजे मारक रक्तक्षय, म्हणत. या साम्यामुळे मुंबईतील रोगालाही ‘गरोदरपणातील मारक रक्तक्षय’ असे नाव पडले होते. हे नाव दिशाभूल करणारे आहे, हे विल्स यांच्या लवकरच लक्षात आले. मारक रक्तक्षयाच्या रोग्यांच्या जठरात आम्ल तयार होत नाही. मुंबईच्या स्त्रियांच्या जठरात ते होत होते.

रोग जंतुसंसर्गाने होत असावा, ही शक्यता विल्स यांनी प्रथम तपासली आणि तिला आधार न मिळाल्याने बाजूला ठेवली. मग त्यांनी आपले लक्ष स्वयंपाकघराकडे वळविले. डॉ. तळपदे यांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या समाजांतील व आर्थिक स्तरांतील स्त्रियांचे राहणीमान, स्वच्छतेच्या सोयी आणि रोजचे जेवण यांची पाहणी केली. परीक्षानळीत वाढलेल्या एका रक्तविज्ञानतज्ज्ञाने घरोघरच्या ताटांची अशी नोंद करावी, हे त्या काळी नवलाचेच होते. या पाहणीतून एक स्पष्ट चित्र पुढे आले. रोगाचे प्रमाण जेवणाच्या दर्जाप्रमाणे बदलत होते. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, अशा गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये तो सर्वांत अधिक होता.

यीस्टचा अर्क

आहाराशी संबंध आढळणे आणि आहार हेच कारण असल्याचे सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विल्स यांनी त्यासाठी प्राण्यांवर प्रयोग केले. १९२९ च्या उन्हाळ्यात त्या निलगिरीतील कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत गेल्या. तेथे पोषणशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकॅरिसन यांची सुसज्ज प्रयोगशाळा होती. आजारी स्त्रियांच्या आहारासारखा आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर तो टळला. परंतु पुढे असे निदर्शनास आले की, उंदरांना उवांमार्फत बार्टोनेला या जंतूंचा संसर्ग झालेला आहे आणि तो संसर्गही रक्तक्षय घडवितो. त्यामुळे मिळालेल्या निष्कर्षांवर भिस्त ठेवता येईना. विल्स यांनी प्रयोगाची मांडणी बदलली आणि ऱ्हीसस माकडांवर तोच प्रयोग पुन्हा केला. एच. एस. बिलिमोरिया यांच्यासह केलेल्या या प्रयोगांत निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना मुंबईच्या स्त्रियांप्रमाणेच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. यीस्टचा अर्क दिल्यावर ती बरी झाली.

यासाठी वापरलेला अर्क कोणत्याही औषध कंपनीचा नव्हता. ब्रिटनमध्ये पावाला लावून खाल्ला जाणारा मार्माइट हा काळा, खारट पदार्थच त्यांनी निवडला. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून तो तयार होतो. या निवडीमागे व्यवहारही होता. मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर प्राण्यांच्या यकृताचा अर्क गुणकारी असल्याचे अमेरिकेतील संशोधनातून पुढे आले होते. पण तो महाग होता आणि भारतातील अनेक रोग्यांना धार्मिक कारणाने चालण्यासारखा नव्हता. यीस्टचा अर्क स्वस्त होता व त्यास हा अडथळा नव्हता.

मुंबईतील रोगी स्त्रियांना हा अर्क दिल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या व प्रकृती सुधारू लागली. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. यकृताच्या कच्च्या अर्काने मुंबईच्या रोगी बऱ्या होत. मात्र मारक रक्तक्षयासाठी खास शुद्ध केलेल्या अर्काचा त्यांना उपयोग होत नसे. याचा अर्थ असा की, शुद्धीकरणात कच्च्या अर्कातील एखादा घटक वगळला जात होता आणि मुंबईच्या स्त्रियांना नेमका तोच हवा होता. शुद्ध अर्कात राहणारा घटक म्हणजे आजचे ब-१२ जीवनसत्त्व आणि निघून जाणारा घटक म्हणजे फोलेट. दोन्ही द्रव्ये कोणी पाहिलेलीही नसताना, ती दोन आहेत हे विल्स यांनी रोग्यांच्या प्रतिसादावरून ओळखले. १९३३ मध्ये लंडनला परतल्यावर त्यांनी हा धागा सोडला नाही. १९३७ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी या नव्या घटकावर आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या समुद्री विमानाने कराचीमार्गे पुन्हा भारतात आल्या व सुमारे दहा आठवडे हाफकिन संस्थेत काम करून परतल्या.

१९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा केला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव दिले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात आले. या चमूचे नेतृत्व मूळचे आंध्रचे असलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. त्यानंतर ‘विल्स घटक’ हे नाव हळूहळू मागे पडले आणि पाठ्यपुस्तकांतून विल्स यांचे नावही.

रोगाचे स्वरूप

फोलेटच्या अभावी पेशी मोठ्या का होतात, याचे उत्तर पुढील काळात मिळाले. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, दुसरी प्रत तयार व्हावी लागते आणि त्या कामी फोलेट आवश्यक असते. ते कमी पडले की पेशीचा देह वाढत राहतो, पण विभाजन खोळंबते. अस्थिमज्जेत रक्तपेशी सतत तयार होत असल्याने हा दोष तेथे सर्वांत आधी उघड होतो. गर्भ व वार यांतील पेशीही अतिशय वेगाने विभागत असतात. त्यामुळे गरोदरपणात फोलेटची मागणी वाढते. गर्भ आपला वाटा मातेच्या साठ्यातून उचलतो. अर्धपोटी स्त्रीचा साठा आधीच अपुरा असतो आणि शेवटच्या महिन्यांत तो संपतो. परळच्या स्त्रियांचा आजार गरोदरपणाच्या उत्तरार्धातच का उफाळत होता, याचा उलगडा यातून होतो. फोलेट हिरव्या पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे व यकृत यांत असते आणि भाजी फार वेळ शिजविल्यास त्यातील बराच भाग नष्ट होतो.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात विल्स यांनी आपत्कालीन वैद्यकीय सेवेत विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम केले. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर उडता बॉम्ब पडला. त्यांच्या विभागाचे काम काही दिवस विस्कळीत झाले. या काळात ब्रिटनमध्ये शिधावाटप चालू होते व गरोदर स्त्रियांना त्यात विशेष सवलती होत्या. या शिध्याचा आणि लोहाच्या नियमित गोळ्यांचा गरोदर स्त्रियांच्या रक्तावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. काही स्त्रियांना लोह व काहींना केवळ दिसायला तशीच गोळी देऊन केलेली ही तुलना या विषयातील आरंभीच्या शिस्तबद्ध चाचण्यांपैकी एक आहे. ती १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉयल फ्रीमध्ये पहिला रक्तविज्ञान विभाग त्यांनीच स्थापन केला.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा देशांत फिरून त्यांनी पोषण व रक्तक्षय यांची निरीक्षणे केली. अखेरच्या काळात लंडनच्या चेल्सी भागातून त्या मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणून निवडून आल्या होत्या. त्या अविवाहित राहिल्या. गिर्यारोहण व बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ त्यांना प्रिय होता. रुग्णालयातील इतर ज्येष्ठ डॉक्टर मोटारीने येत असताना त्या सायकलवरून येत असत. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. १० मे २०१९ रोजी, त्यांच्या १३१ व्या जयंतीस, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा हे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले.

मातेकडून अपत्याकडे

विल्स यांचे संशोधन मातेच्या मृत्यूपासून सुरू झाले होते. अपत्य हा त्याचा मुख्य विषय नव्हता. त्यांच्या निधनानंतर पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, ब्रिटनमधील एलिझाबेथ हिबर्ड व रिचर्ड स्मिथेल्स यांनी मातेतील फोलेटची कमतरता आणि अर्भकाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मजात दोष यांचा संबंध असावा, असे सुचविले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत यासंबंधी चाचणी घेतली. पूर्वी असे दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिल्यास दोषांचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत आढळले. गर्भाच्या मेंदूची व मज्जेची नलिका गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. आपण गरोदर आहोत हे अनेक स्त्रियांना तोवर कळलेलेही नसते. म्हणून गर्भधारणेपूर्वीच फॉलिक आम्ल घेण्याचा सल्ला दिला जातो आणि अमेरिकेत १९९८ पासून धान्याच्या पिठात ते मिसळणे बंधनकारक झाले. भारतात गरोदर स्त्रियांना सरकारी आरोग्य केंद्रांतून मिळणाऱ्या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते.

मातेचे वजन व पोषण यांचा अपत्यावर होणारा दूरगामी परिणाम मुंबईपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी अधिक बारकाईने तपासला गेला. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली व साउथॅम्प्टनच्या संशोधकांच्या सहकार्याने पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोग्रॅमच्या आसपास होते व अर्भकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलोग्रॅम. ब्रिटिश अर्भकांच्या तुलनेत ही मुले लहानखुरी होती; तथापि त्यांच्या स्नायूंच्या मानाने शरीरातील चरबी फारशी कमी नव्हती. वरवर रोड दिसणाऱ्या या मुलांत पुढे मधुमेहाकडे नेणारी ठेवण जन्मतःच असू शकते, असे त्यावरून दिसले. माता एकूण किती अन्न खातात याच्याशी अर्भकाच्या आकाराचा फारसा संबंध आढळला नाही. पालेभाज्या, फळे व दूध किती वेळा खातात, याच्याशी मात्र तो स्पष्टपणे आढळला.

याच अभ्यासात विल्स यांनी वेगळे केलेले ते दोन घटक पुन्हा एकत्र समोर आले. मुख्यतः शाकाहारी असलेल्या या मातांमध्ये फोलेटची कमतरता क्वचितच होती. ब-१२ ची मात्र बहुसंख्य स्त्रियांत होती. ज्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरात ही दोन जीवनसत्त्वे एकमेकांच्या साहाय्याने काम करतात. ब-१२ अपुरे असल्यास मिळालेल्या फोलेटचा नीट उपयोग होत नाही. पुढे २०१२ मध्ये याच अभ्यासात जन्मलेल्या, आता किशोरवयात आलेल्या मुलामुलींना ब-१२ देऊन त्यांच्या भावी अपत्यांवर काय परिणाम होतो, हे पाहणारी चाचणी त्याच गावांत सुरू करण्यात आली.